एकदाच विचारलंस?

दुकानात ताकाची एकच बाटली उरली होती, आणि ती दोन्ही बाजूंनी धरून आम्ही दोघं उभे.

"सोड," मी म्हणाले. "मला बटाट्याची बॉक्स्टी करायचीय."

"मलाही!" तो हसला. भिजलेले केस कपाळावर, आणि डोळे... असू दे. "पण तू लंडनवाली नुआला ना? आठ वर्षांनी घरी आलेल्या पोरीशी कोण भांडणार! घेऊन जा."

हा फर्गल. दगडी बांध रचणारा. दुसऱ्याच दिवशी आमच्या कुरणाचा ढासळलेला बांध रचायला हजर! डॅडींनीच बोलावलं होतं. मग काय, तीन आठवडे माझं लक्ष तव्यापेक्षा खिडकीबाहेरच जास्त.

"कालची बॉक्स्टी करपली म्हणे?" तो खिडकीशी येऊन विचारायचा.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या कुत्र्यानं. त्यालाच मिळाली ना सगळी?"

आई गेल्यापासून डॅडी आणि माझे दोघे भाऊ पाव-जॅमवर दिवस काढत होते, म्हणून मी हट्टानं तिचे पदार्थ शिकत होते. शेवटी फर्गलनंच दाखवलं — किसलेला कच्चा बटाटा फडक्यात बांधून असा पिळायचा, की पाण्याचा थेंब उरता कामा नये. मग उकडलेला बटाटा, पीठ, ताक मिसळून धिरड्यासारखं तव्यावर टाकायचं. दाखवताना त्याचे हात माझ्या हातांवर होते... पिळायचं मी साफ विसरले.

शनिवारी तो म्हणाला, "कॉर्क शहरात मोठं काम आलंय. दोन वर्षांचं. उद्या दुपारी त्यांचा फोन येईल."

"मग? जाणार?"

"बघू — इथं कुणी थांबवतंय का."

रविवारी जीव ओतून रांधलं. बॉक्स्टी सोनेरी उतरली, सोबत बेकन आणि कोबी. आम्ही जेवायला बसतोय तोच फर्गल आपली हत्यारं न्यायला आला.

"जेवून जा ना," मी म्हटलं.

"नको नको, आत्ताच खाल्लं."

"बरं," म्हणून त्याच्यासाठी मांडलेली बशी मी उचलली. त्याचा चेहराच उतरला. टोपी चढवून, हत्यारं उचलून तो निघून गेला.

डॅडींनी काटा खाली ठेवला. "एकदाच विचारलंस?"

"तो नको म्हणाला ना!"

"अगं बये! पहिल्या हाकेला हो म्हणायला तो काय अधाशी आहे? आपल्याकडे तिसऱ्यांदा हो म्हणतात. लंडनला जाऊन सगळं विसरलीस! त्याला वाटलं असणार, तू त्याला वाटेला लावलंस."

मी ताडकन उठले. बशी भरली, फडक्यानं झाकली आणि भर पावसात धावत सुटले. फर्गल आपल्या दारातच होता, हातात फोन.

"जेव," मी धापा टाकत म्हणाले.

"अगं, कशाला उगाच..."

"जेव म्हणते ना!"

"खरंच भूक नाही गं."

"फर्गल, तिसऱ्यांदा सांगतेय, जेव! आणि कॉर्कला जाऊ नकोस. मला तू हवा आहेस... इथं. माझ्याजवळ."

मग फडकं बाजूला करून, उभ्याउभ्याच त्यानं अख्खी बॉक्स्टी तोंडात कोंबली. तेवढ्यात फोन वाजला.

"नाही जमणार, साहेब," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "इथंच काम निघालंय." पलीकडचं ऐकून त्यानं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. कान लालभडक झाले होते त्याचे.

"विचारतायत... किती दिवसांचं काम?"

"जन्मभराचं," मी म्हणाले. "सांग त्यांना."