झील

ओट्यावर सुका जवळा निवडत बसलेल्या वनिता घरतच्या कपाळाला एक रुपेरी पट्टी बांधलेली होती. पट्टीची दोन्ही टोकं कानांमागून खाली लोंबत होती.

कुंपणापलीकडून हौसा म्हात्रे आली आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "काय गो वने, मुंडावल्या बांधल्यास? घो कुठं हाय?"

"गप बस हौशे. कविता करतंय."

"जवल्यावर?"

वनिता हसली नाही. पट्टी तालुक्याच्या वाचनालयातून चार दिवसांसाठी मिळाली होती. पुढच्या वर्षी एक मोठा कवितासंग्रह निघणार होता. कुठल्याही भाषेतली कविता चालत होती, प्रवेश फुकट होता आणि निवडलेली कविता तिच्या भाषेच्या नावासकट छापली जाणार होती. अट एकच: कविता रचताना डोक्याला उगमपट्टी हवी. यंत्रं घटकेत हजार कविता पाडू लागल्यापासून अशा स्पर्धांत माणसाच्या कविता शोधायच्या म्हणजे वाळूतून मीठ वेचण्यासारखं झालं होतं. माणूस नवी ओळ रचतो तेव्हा चार-पाच शब्द एकदम वर येतात, एकमेकांना रेटतात, एक टिकतो, बाकीचे विरतात. मेंदूतल्या या खळबळीला 'डचमळ' असं नाव पडलं होतं. पाठ असलेली ओळ म्हणताना ती होत नाही. ओळ अखंड बाहेर येते. पट्टी एवढंच टिपायची.

वनिता धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर, चालत. जुने धवले होतेच, पण प्रत्येक घरी ती नव्या ओळी घाली; नवरीच्या, तिच्या अंगणाच्या, तिच्या खाडीच्या. मांडव सुटला की त्या ओळीही सुटत. कोणी विचारलं नव्हतं, की हे रचलं कोणी? एकदा तरी आपलं नाव आपल्या ओळीखाली बघायचं, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली. ग्रंथपाल नीलांबरी दातार यांनी पट्टी यंत्राला जोडली आणि चष्मा वर सरकवला.

"वनिताताई, डचमळ जवळजवळ नाहीच. यंत्र म्हणतंय, ही आठवलेली कविता आहे."

"खोटं हाय ते. कालच केलीय."

"मला पटतंय हो. पण शिक्का 'स्मरण' असाच पडला. उद्या शेवटची तारीख आहे."

"मग उद्यापर्यंत दुसरी करीन."

संध्याकाळभर ती खाडीच्या बांधावर एकटी बसली. ओळ येई, आणि येताना पूर्ण घडवलेली येई. तिनं मुद्दाम अडखळून पाहिलं, शब्द फिरवून पाहिले. ओळीचा जीवच जाई. आणि प्रत्येक ओळीआधी कानात कोणीतरी गुणगुणल्यासारखं वाटे. नीट कान दिला तेव्हा ओळखीचा आवाज निघाला. हौसाचा.

हौसा तिची झीलकरीण. धवला दोघींनी म्हणायचा. वनितानं ओळ टाकायची, हौसानं तीच ओळ मागून म्हणायची, आणि तेवढ्या वेळात वनितानं पुढची जुळवायची. गेली कितीतरी वर्षं वनितानं एकटीनं कधी काही रचलंच नव्हतं. हे तिच्या आता ध्यानात आलं.

सकाळी ती हौसाच्या दारात उभी राहिली. "चल, वाचनालयात."

"मी कनाला? मना तं वाचताबी येत नाय."

"वाचायचं नाय. झील धरायची."

नीलांबरीबाईंनी कपाटातून दुसरी पट्टी काढली. "हौसाताईंनाही बांधून बघू. बघायला कुठं नियम आडवा येतोय?"

दोघी समोरासमोर बसल्या. वनितानं डोळे मिटले.

*खारीचे बांधाव पहाट बसली*

हौसानं तीच ओळ उचलली, 'पहाट' जरा लांबवली. वनिताची पुढची ओळ आली.

*पहाटचे पदरान चांदनी हासली*

हौसाच्या तोंडी आता 'चांदनी' रेंगाळली.

*चांदनी इरघली, पान्याचं मीठ झालं*
*मीठ कुनी चाखलं, कुनाचे डोल्यान आलं*

नीलांबरीबाई दोन आलेख एकाखाली एक लावून बघत होत्या.

"वनिताताई, तुमचा आलेख कालच्यासारखाच आहे. सपाट." त्या थांबल्या. "डचमळ हौसाताईंची आहे. 'चांदनी' लांबवताना यांच्या डोक्यात शब्दांची झोंबाझोंबी झाली, आणि 'इरघली' तिथं आधी टिकला. तो तुमच्या तोंडून बाहेर पडला."

"मी मेली काय केलं?" हौसा गोंधळली. "मी तं नुसती मागून म्हनतंय."

"तुम्ही कुठला शब्द किती ताणता, त्यावरून यांना पुढची ओळ कळते. एकट्या असताना यांना आठवतो तो तुमचा आवाज. यंत्र त्यालाच आठवण म्हणत होतं." बाईंनी चष्मा काढला. "नियमानं बघितलं तर ही कविता मंजूर होईल. पण हौसाताईंच्या नावावर."

वनितानं आपल्या कपाळावरची पट्टी सोडली. सगळ्या मांडवांतून लोकांनी तिला शाबासकी दिली होती, तिची ओटी भरली होती. हौसा मागे बसून पान लावत असे.

"माझा नाव नको गो," हौसा म्हणाली. "मी एक ओळ तरी पहिली म्हनलीय का कवा? तुझाच घाल."

"माझा घालून चालनार नाय. आनि तुझा एकटीचा घातला तं तेबी खोटं. माझ्यानं नाय व्हायचं ते." वनिता नीलांबरीबाईंकडे वळली. "दोघींचा घाला."

"जागा एकाच नावाची आहे. यंत्र परत पाठवील, मग हातचं जाईल."

"पाठवू दे. दोन्ही आलेख जोडा. लिवा, हे दोन डोक्यान मिलून जुळलंय, आनि आमचेत असंच जुळतं."

"नीट विचार केलात? हा संग्रह पुन्हा निघेल न निघेल."

"लिवा बाई."

उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं, आणि यंत्राचं नव्हे, माणसाचं आलं. नीलांबरीबाईंनी ते ओट्यावर बसून वाचून दाखवलं. कविता अजून मंजूर नव्हती, नाकारलीही नव्हती. तुमची नोंद पाहून आम्ही 'स्मरण' शिक्का मारून बाजूला टाकलेल्या सगळ्या भाषांतल्या कविता पुन्हा उघडल्या आहेत, असं संपादकांनी लिहिलं होतं. त्यातल्या किती कवींच्या शेजारी कोणी झील धरणारं बसलं होतं, हे आता एकेकाला विचारावं लागणार होतं. तोवर संग्रह थांबवला होता.

"म्हंजे आपल्यापायी सगल्यांचा खोलंबा," हौसा म्हणाली. पण तिला मनातून बरं वाटलं असावं. ती सूप घेऊन वनिताशेजारी टेकली आणि जवळा पाखडू लागली.

मग तिचा हात थांबला.

"वने, मी शब्द तानतंय, त्यावरना तुना ओळ सुचतं. बरोबर?"

"बरोबर."

"पन झील धराया मना माझे आत्यानं शिकवलं. तिचा आवाज अजून हाय माझे कानान. तिला आनि कुनी शिकवलं असंल." हौसानं वनिताकडे बघितलं. "मंग 'इरघली' पयला कुनाला सुचला गो?"