डावखुरे ओरखडे

"इथे बोट लागलं की अजून काळजात कळ येते, लोर्ना," क्लॅरी म्हणाला, आणि चांदीच्या मुलाम्याचा तो मोठा कप त्याने मांडीवरून टेबलावर ठेवला.

अठरा वर्षं हे वाक्य लोर्ना दर गुरुवारी, बक्षिसं पुसायच्या दिवशी, ऐकत आली होती. लाकूडतोडीच्या शर्यतींत साऱ्या टास्मानियात ज्याच्या कुऱ्हाडीला जोड नव्हती, त्या बापाची दृष्टी आता जवळजवळ गेली होती. पण बासष्ट बक्षिसांतलं प्रत्येक बक्षीस तो स्पर्शाने ओळखी. आणि त्या बासष्टांची सेवा हाच लोर्नाचा जन्म झाला होता... पितळेला लिंबू आणि मीठ, पण लगेच धुऊन कोरडं करायचं. लाकडी ढालींना मधमाशांच्या मेणाचा हलका हात. काचेला कोमट पाणी. आणि सोनेरी रंगाच्या प्लास्टिकच्या बाहुल्यांना नुसतं कोरडं फडकं, नाहीतर रंगच निघून यायचा. चांदीला सर्वांत मऊ कापड, सर्वांत कमी जोर. हे सारं जिला कळत होतं, तिनेच सिडनीच्या जत्रेतला हा कप तारेच्या घासणीने ओरबाडला, असं घरात मानलं जात होतं.

तिने ते केलं नव्हतं. केलं होतं डेसने, तिच्या धाकट्या भावाने. एकोणीस वर्षांचा होता तो. पहिल्या मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी बापाला खूश करायला कप चकचकीत करायला बसला, आणि मुलामा उडाल्यावर स्वयंपाकघरात येऊन थरथरत उभा राहिला. बापाने दारातून विचारलं, "लोर्ना, तूच ना हे?" उद्या या पोराच्या हातात धारदार कुऱ्हाड असणार, हात थरथरला तर पाय जाईल... एवढाच विचार तिच्या मनात आला, आणि तिने होकारार्थी मान हलवली.

डेस ती शर्यत जिंकला. पुढे लग्न करून लॉन्सेस्टनला गेला. कप बिघडला त्याच वर्षी नर्सिंगच्या शिक्षणाला होबार्टहून आलेलं बोलावणं लोर्नाने चुलीत घातलं. आई नव्हती, आणि "माझ्या कपाचं वाटोळं केलंस, आता निदान उरलेलं तरी सांभाळ," असं बाप म्हणाला होता. त्या एका होकाराचं कुलूप तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

त्या दुपारी होबार्टच्या संग्रहालयातून मिसेस ट्रेसिडर आल्या. प्रदर्शनासाठी काही बक्षिसं न्यायची होती. खोकी उचलायला डेसही आला होता. बाईंनी एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली.

"मिस्टर रेडपाथ, इतक्या निगुतीने राखलेला संग्रह मी पाहिला नाही. मागच्या महिन्यात यादी करायला आले होते, तेव्हा म्हणूनच मी तुमच्या मुलीला आमच्याकडे नोकरी देऊ केली. ती नाही म्हणाली, तरी सोमवारपर्यंत जागा राखून ठेवलीय मी."

क्लॅरीने मान वळवली. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"सांगून काय होणार होतं, डॅड," लोर्ना हळूच म्हणाली.

"आणि तो कप पाहिलात?" क्लॅरी बाईंना म्हणाला. "तो हिनेच बिघडवला."

बाईंनी कप फिरवून पाहिला. "हे काम हिच्या हातचं नाही. एकाच तिरक्या दिशेने जोर पडलाय. घासणारा माणूस डावखुरा असावा."

क्लॅरीने कप ओढून घेतला आणि ओरखड्यांवरून बोट फिरवलं... एकदा, पुन्हा एकदा. अठरा वर्षं त्याला तिथे फक्त आपलं दुःख हाताला लागलं होतं. घाव कोणत्या बाजूने आलाय, हे त्या जन्मभर घावच ओळखणाऱ्या माणसाने तपासलं नव्हतं.

"घरात डावखुरा एकच," तो म्हणाला.

डेसने खोकं खाली ठेवलं. "मीच होतो, डॅड. रोज वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही माझी पाठ थोपटायचात, आणि तोंड उघडायचं नाही. ही मात्र एक शब्द बोलली नाही."

"का नाही बोललीस, पोरी?"

"तुम्ही 'कुणी केलं' असं विचारलंच नाहीत. 'तूच ना' म्हणालात." लोर्ना म्हणाली. "इतक्या पटकन तुम्हाला खरं वाटलं, डॅड... तेच जास्त लागलं."

म्हाताऱ्याने चाचपडत हात पुढे केला. "हात दे तुझा." भेगाळलेली बोटं, झिजलेली नखं, तळव्यावरचे घट्टे... बासष्ट बक्षिसं पाठ असलेल्या माणसाला हा हात अनोळखी होता. तो हात कपाळाला लावून तो रडला, आणि लोर्नाने त्याला रडू दिलं.

मग त्याने विचारलं, "सोमवारची होबार्टची बस किती वाजता?"

"सव्वासातला. पण तुमचं कोण करणार?"

"मी येतो राहायला," डेस म्हणाला. "रविवारीच येतो. बायकोला काय सांगायचं ते माझं मी बघतो."

"पण कशाला कुठलं फडकं वापरायचं, ते..." लोर्ना म्हणाली.

"दाखव मला. मीही शिकतो," क्लॅरी म्हणाला.

सोमवारी डेसने तिची बॅग बसमध्ये चढवली. क्लॅरी फाटकाशी टोपी काढून उभा होता, बसच्या आवाजाकडे तोंड करून. गाव मागे पडेपर्यंत लोर्नाने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर ती उतरली असती.