ऊन गाठलं तो दिवस

कडोलीच्या संमेलनात कवी ऐन रंगात आला असताना मी उठून मांडवाबाहेर पडले, आणि माझ्यामागून आणखी एक माणूस उठून बाहेर आला.

"बरं केलासा बाई," तो म्हणाला. "मलाबी सोसंना झालती ती कविता. पण पैल्यांदा उठायचं कुणी?"

मी बाभळीखाली बसून डब्याचं झाकण उघडत होते. "कविता चांगली होती," मी म्हटलं. "दिवस मावळायला आला म्हणून उठले. आम्ही जैन. अंधार पडल्यावर आम्ही जेवत नाही."

 तो माणूस मांडवाकडं बघत म्हणाला, "म्हंजे त्यो कवी बिचारा..."

"हो. त्याला वाटलं असेल, दोघं कंटाळून उठली."

"मग मी माघारी जाऊन बसू व्हय?"

"बसा की."

"न्हाय," तो म्हणाला. "एकट्यानं माघारी गेलं की लई वंगाळ दिसतंय. तुमचं जेवण होईतवर हितंच हुबा ऱ्हातो."

आणि खरंच राहिला. उंच, पांढऱ्या मिशांचा, पाठ अजून ताठ. मी निपाणीच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेली बाई. पासष्टी गाठलेली, विधवा होऊन वीस वर्षं उलटलेली. कुणी समोर उभं राहून माझ्या घासांकडं बघू नये म्हणून शेताकडं तोंड करून उभं राहतंय, ही गोष्ट मला तेव्हाही कळली होती. पोरींनो, शाळेत शिकवलं नाही तुम्हाला, पण असल्या गोष्टी कळायला वय लागत नाही.

त्याचं नाव रवळू. गाव जांबोटी. फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेला, आता भातशेती बघणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी तेजस्वी बेळगावात नोकरीला. माझी बस निघून गेली होती, म्हणून त्यानं आपल्या जुन्या बुलेटवरून मला बेळगावच्या स्टँडवर सोडलं.

"उपकार झाले, अण्णा," उतरताना मी म्हटलं.

"अण्णा तेवढं म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"सावकाश विचार करा," गाडीला किक मारत तो म्हणाला. "मी निपाणीला येतोच की."

आला. एकदा जांबोटीचा नवा तांदूळ घेऊन आला, एकदा फणस घेऊन, आणि एकदा नुसताच. माझा मुलगा कुमार खालच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. बुलेटचा आवाज आला की तो गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचा, वर बघायचा आणि परत आत जायचा. आम्ही सज्ज्यात बसून बोलत असू. रवळू डोंगरांबद्दल बोलायचा. हिमाचलच्या त्या रस्त्यांवरून त्यानं फौजेचे ट्रक नेले होते.

"पण बघितलं कायबी न्हाय बाई," तो म्हणायचा. "म्होरच्या ट्रकचं ढुंगण तेवढं बघितलं. वाटंत थांबायचा हुकूमच नव्हता."

"मग आता जा. थांबत थांबत."

"एकटा?"

मी चहाचा कप उचलला. तो बघत राहिला...

"मी काही लहान पोरगी नाही, गाडीच्या मागं बसून हिंडायला," मी म्हटलं.

"लहान पोरीला कोण नेणार? त्यास्नी मोबाइलातनं वर बघायला सवड कुठाय?"

रात्री मी कुमारला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ब्राह्मीबाई हिमाचलला गेल्या. खरंच आहे ते."

ऑक्टोबरात आम्ही बेळगावहून रेल्वेनं चंदीगड गाठलं. बुलेटही त्याच गाडीनं, सामानाच्या डब्यातून आली. आयुष्यात पहिल्यांदा मी पंजाबी ड्रेस घातला होता. रवळूनं एकदाच बघितलं, मिशीवर हात फिरवला आणि बुलेटचा आरसा पुसायला लागला. आरसा आधीच स्वच्छ होता.

पोरींनो, सावकाश जाणं म्हणजे काय ते मी त्या रस्त्यावर शिकले. प्रत्येक वळणावर तो गाडी थांबवायचा. "ह्ये बघायचं ऱ्हायलतं," म्हणायचा. सफरचंदांनी भरलेले ट्रक घरघरत जायचे आणि त्यांच्यामागं गोड वास रेंगाळायचा. नारकंड्याला बारीक पाऊस लागला, तेव्हा आम्ही देवदाराखाली उभे राहिलो. त्यानं आपला रेनकोट मला दिला. मी तो दोघांच्या डोक्यावर धरला... अर्धा अर्धा. दोघंही अर्धे भिजलो. ढाब्यांवर लोक नंबरप्लेट बघून विचारायचे, "कर्नाटकसे? इतनी दूर?" आणि मग आमची मराठी ऐकून गोंधळायचे. डाळ बेचव असली की आम्ही कन्नडमध्ये बोलायचो. एकदा ढाबेवाला हसून शुद्ध कन्नडमध्ये म्हणाला की मीठ वाढवून आणतो. तो धारवाडला कामाला राहिलेला निघाला. रवळू मान खाली घालून जेवला आणि दोनदा डाळ मागून घेतली.

एक गोष्ट मी सुरुवातीपासून पाहत होते. संध्याकाळ जवळ आली की तो न बोलता मुक्कामाची जागा शोधायचा. माझं पान आधी वाढायला सांगायचा. त्याबद्दल त्यानं कधी अवाक्षर काढलं नाही.

आणि तेच मला टोचत होतं.

कारण नारकंड्याच्या त्या पावसात त्यानं मला विचारलं होतं. फार काही नाही, एवढंच — "बाई, परतल्यावर बेळगावात उतरू. तिथनं एक रस्ता निपाणीला जातोय, एक जांबोटीला. तुम्ही कुठल्या रस्त्यानं जाणार?"

मला त्याचा अर्थ कळला. मी रेनकोटाची बटणं बघत राहिले.

"रवळू," मी म्हटलं. नुसतं नाव घेतलं होतं, ते दोघांच्याही लक्षात आलं. "नवरा गेल्यावर मी घर एकटीनं उभं केलं. कुणाकडं हात पसरला नाही. तुमच्या घरी चूल तुमच्या वेळेला पेटते. मी आले की सगळं माझ्या सूर्यावर फिरवावं लागेल. माझ्यासाठी कुणी वाकलेलं मला चालत नाही."

"बरं," तो म्हणाला.  पाऊस थांबला होता, तरी आम्ही जरा वेळ तसेच उभे होतो.

मग आला सांगला नावाच्या गावाचा दिवस. वाटेत दरड कोसळली होती. दगड हलवून रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही गाडीशेजारी बसून राहिलो. सकाळच्या चहाशिवाय माझ्या पोटात काही नव्हतं. सांगल्यात पोचलो, एका घरगुती खानावळीच्या बाकावर बसलो. बाईंनी गरम फुलके आणि राजम्याची वाटी समोर ठेवली. मी हात धुतले, वर बघितलं... आणि हात मागं घेतला.

सूर्य नव्हता. सगळं खोरं निळसर सावलीत बुडालं होतं.

"काय झालं?" रवळूनं विचारलं.

"दिवस मावळला."

"कुठं मावळला? घड्याळ बघा की. निपाणीत आत्ता पोरं शाळंतनं सुटत्यात."

"मी निपाणीत नाही. इथं मला सूर्य दिसत नाही."

"डोंगराच्या आड गेलाय त्यो. मावळला न्हाय!"

"तुम्ही ठरवणार?"

"मग कोण, तुम्ही?"

खानावळीच्या बाई आमच्याकडं आळीपाळीनं बघत होत्या. भाषा कळत नसली तरी भांडण कळतं. मी पान सरकवलं. "तुम्ही जेवा," मी म्हटलं. "एक दिवस उपाशी राहिल्यानं कुणी मरत नाही." भूक अशी लागली होती की डोळ्यांपुढं अंधारी येत होती. पण इतक्या वर्षांत मोडलं नव्हतं ते राजम्याच्या एका वाटीसाठी मोडणार नव्हते.

मला वाटलं, आता हा मनधरणी करील. मनधरणी केली असती तर मी त्या क्षणी निपाणीचा रस्ता धरला असता, मनातल्या मनात तरी.

त्यानं मनधरणी केली नाही. तो बाकावरून उठला, रस्त्यावर गेला, आणि समोरच्या डोंगराकडं मान वर करून बघत राहिला. मीही बघितलं. गावाच्या बऱ्याच वर, सफरचंदांच्या बागांच्याही वर, उतारावर सोनेरी ऊन होतं. खाली सावली, वर ऊन, आणि मधली रेघ सावकाश वर सरकत होती.

रवळूनं फुलके आणि राजमा डब्यात भरून घेतले. "बसा," तो म्हणाला.

"कुठं?"

"बसा म्हणतोय न्हवं. भांडण वर करू."

बागांमधून कच्चा रस्ता चढत होता. बुलेट धापा टाकत निघाली. दगड उडत होते, सफरचंदाच्या फांद्या खांद्याला घासत होत्या. टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायका बाजूला होऊन हसत होत्या. मी त्याचा खांदा घट्ट धरला होता. एक वळण... सावली. दुसरं वळण... सावली. उन्हाची रेघ पुढंच, हाताच्या अंतरावर, आणि आम्ही पोचतो तोवर ती आणखी वर.

"डावीकडं!" मी ओरडले. "डावीकडं अजून आहे!"

"दिसतंय, दिसतंय!"

"सावकाश चालवताय तुम्ही!"

"जन्मात पैल्यांदा कुणीतरी मला असं म्हणालंय!"

आणि मग एकदम आम्ही उन्हात शिरलो. चेहऱ्यावर, हातांवर, त्याच्या मिशीवर, सगळीकडं ऊन. डोंगराच्या खांद्यावरून सूर्य अजून पुरता आमच्याकडं बघत होता. मी दगडावर बसले आणि जेवायला लागले. शाळेतल्या पोरासारखी, दोन्ही गाल भरून.

"सावकाश," रवळू म्हणाला. तो कडेला उभा राहून सावली कुठवर आली ते बघत होता. "अजून त्या झुडपापाशी हाय."

"तुम्हीही खा."

"मी रातच्याला जेवीन. तुमचं यरवाळी, माझं उशिरा. त्यात भांडण कुठं आलं?"

"रवळू, माझ्यासाठी तुम्हाला एवढं..."

"मी कुठं वाकलो वो बाई?" तो मागं वळला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला होता. "मला काय व्रत घ्या म्हणाला न्हाय तुम्ही. मी काय तुमाला व्रत सोडा म्हणालो न्हाय. ऊन वर हुतं, गाडी हुती, आलो. फौजेत हुकमानं चढ चढलो. आज माझ्या मनानं चढलो. मला काय मज्जा आली, ते तुमाला ठावं हाय का?"

मी घास गिळला. खाली खोऱ्यात नदीची पांढरी रेघ दिसत होती. कुणीही माझ्यासाठी आजवर जे काही केलं होतं, ते एक तर उपकार म्हणून केलं होतं, नाही तर कर्तव्य म्हणून. हा माणूस आनंदानं घामाघूम झाला होता. आणि मला काय वाटलं सांगू? मिंधं वाटलं नाही. अभिमान वाटला. त्याचा, आणि त्याहून जास्त माझा. पासष्टाव्या वर्षी ज्या बाईसाठी कुणी सूर्यामागं गाडी पिटाळतं, ती बाई काही साधीसुधी नसणार.

शेवटचा घास संपला तेव्हा सावली माझ्या चपलांपर्यंत आली होती. मी पाणी प्याले.

"जांबोटीला दिवस कधी मावळतो?" मी विचारलं.

त्यानं चमकून बघितलं. "तिथं... तिथं बी डोंगर हाय बाई. जरा लौकरच मावळतोय."

"मग जेवायला चढावर जावं लागणार."

 त्यानं डब्याचं झाकण लावायला घेतलं, ते त्याला लागेना. मी लावून दिलं.

बेळगाव स्टेशनावर कुमार गाडी घेऊन आला होता. तेजस्वीही आली होती. कुमारनं माझी बॅग उचलली. "चल आई, निपाणीत ऊन चढायच्या आधी पोचू."

"मी जांबोटीला चालले," मी म्हटलं.

कुमारनं उचललेली बॅग तशीच हातात धरली.

"किती दिवस?"

"मन भरेपर्यंत. मग निपाणीला येईन, मग परत जाईन. घर माझंच राहील. दिवाळीनंतर आम्ही नोंदणी लग्न करतोय. तू सही करायला ये. आलास तर मला आवडेल. नाही आलास तरी लग्न होईल."

कुमारनं रवळूकडं बघितलं. रवळू फौजेतल्यासारखा ताठ उभा होता. तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. कुमार बॅग घेऊन बाहेर निघून गेला.

सामानाच्या डब्यातून बुलेट उतरवून घेतली. मी ऐटीत मागं बसले. रवळूनं किक मारली. पुन्हा मारली. मग कपाळावर हात मारला. रेल्वेत चढवताना टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं होतं, आणि आमच्या त्या सगळ्या आनंदात दोघांनाही ते आठवलं नव्हतं.

"पंप लांब न्हाय," तो ओशाळून म्हणाला. "ढकलत नेतो. तुम्ही रिक्षानं या."

"मी? रिक्षानं?" मी ओढणी कमरेला बांधली आणि मागून जोर लावला.

स्टेशनाबाहेर आलो तर कुमार आपल्या गाडीला टेकून उभा होता. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. रवळूनं हँडल धरलेलं, मी मागून ढकलत, तेजस्वी पिशव्या घेऊन. ओळखीचे दोन-तीन चेहरे थबकलेले मला दिसले. मी मान खाली घातली नाही.

मागून पावलं आली. कुमारनं बुलेटला हात लावला.

"तू बाजूला हो आई. तुझी पाठ दुखते."

मी बाजूला झाले नाही. तोही झाला नाही. एका अंगानं मी आणि एका अंगानं माझा मुलगा, असे आम्ही भर रस्त्यातून रवळूची बुलेट ढकलत निघालो, आणि समोरची माणसं बाजूला होऊन वाट देत राहिली.