छताकडे बघणारा

कॉलेज रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात मोहिनी दिवसभर लोकांचे चेहरे न्याहाळायची, आणि वर त्याचा पगार घ्यायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. काउंटरवर ठळक पाटी होती, 'समोर बघून बोला'. ती न वाचता लोक खाली बघून, फोनकडे बघून, नाहीतर बायकोकडे बघून बोलत राहायचे. त्या संध्याकाळी मात्र एक तरुण आला, त्याने पाटी वाचली, मोडका चष्मा काउंटरवर ठेवला आणि सरळ हातांनीच बोलायला लागला.

"यावर मी बसलो. वाचेल का?"

मोहिनी बघतच राहिली. हात अगदी सराईत होते, पण त्यांची ढब एखाद्या पन्नाशीतल्या बाईची होती.

"हे हात कुणाचे?" तिने विचारलं.

"आईचे. तिलाही ऐकू येत नाही. मी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागलो."

"वाटलंच. 'बसलो' म्हणताना पदर सावरलास."

त्याचे कान लाल झाले. नाव शेखर, राहायला सातपूरला. रविवारी कर्णबधिर मुलींचं आरोग्य शिबिर होतं, त्यात डॉक्टरांचं बोलणं तो हातांनी सांगणार होता. मोहिनीने दांडी सरळ करायला जरा जास्तच वेळ लावला... माणूस कुतूहल वाटावं असाच होता.

शिबिराला तर ती जाणारच होती, सवितासाठी. दिंडोरीची सविता तिची वसतिगृहातली मैत्रीण. तिचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि होणाऱ्या नवऱ्याला ऐकू येत होतं. लग्नानंतरच्या गोष्टींबद्दल सविताने आईला विचारलं, तर आईने हात झटकले, "कळतं आपोआप." बायकांची कुजबुज जिच्या कानावर कधी पडलीच नाही, तिला आपोआप कुठून कळणार? सविताची झोप उडाली होती.

रविवारी डॉक्टर अंजली बोलायला उभ्या राहिल्या. पाळीबद्दल सांगून झालं, स्वच्छतेबद्दल झालं, शेखरचे हात छान चालले होते. मग डॉक्टर शरीरसंबंधांवर आल्या आणि ते हात हवेतच थांबले. त्याने छताकडे पाहिलं.

"लग्नानंतर... ते... असतं," त्याच्या हातांनी कसंबसं सांगितलं. "घरी विचारा."

डॉक्टरांचे ओठ तर हलतच होते. तिथे काही लिहिलंय की काय म्हणून मुलीही छताकडे बघायला लागल्या. सविताने मान खाली घातली. जिना उतरेपर्यंत मुलींनी शेखरचं बारसं उरकून टाकलं होतं. एक बोट वर – छताकडे बघणारा.

सोमवारी तो दुकानात हजर.

"चष्मा ठीक आहे," तो म्हणाला. "मीच वाकडा निघालो."

"डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि तू गिळून बसलास."

"माझ्याकडे शब्दच नव्हते, मोहिनी. माझी सगळी भाषा आईची. आई मुलाला हे कसं सांगेल? आमच्या घरात त्या खुणाच नाहीत."

मोहिनीचा राग अर्धा उतरला. खरंच की. भाकरी, ताप, रुसवा, सगळं त्याच्या हातांत होतं. एवढंच तेवढं नव्हतं.

"मी शिकवते," ती म्हणाली. "पण छताकडे बघायचं नाही. तू नजर वळवलीस की माझ्यासाठी दार लागतं."

मग रोज संध्याकाळी, गिऱ्हाईक कमी झालं की शिकवणी सुरू व्हायची. कंडोमच्या खुणेपाशी शेखर फ्रेमच्या कपाटाकडे वळला, आजारांच्या खुणांना त्याच्या नजरेने पंखा गाठला. मोहिनी काउंटरवर टकटक करून त्याची नजर परत आणायची. एक आजोबा बराच वेळ कौतुकाने बघत उभे होते. त्यांना वाटलं, फ्रेमच्या भावावरून घासाघीस चालली आहे.

हळूहळू त्याची नजर ठरायला लागली. त्याचे डोळे फिकट तपकिरी आहेत, हे मोहिनीच्या तेव्हा लक्षात आलं. हे काही शिकवणीत नव्हतं.

"'इच्छा' पुन्हा कर."

"आत्ताच केली की."

"मला नीट दिसली नाही."

"चष्म्याच्या दुकानात राहून?"

यावर तिने त्याला 'आजार'ची खूण पुन्हा करायला लावली.

शेखरने डॉक्टरांना आपली चूक सांगितली होती, म्हणून त्या पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. या वेळी त्याचे हात कुठेच अडले नाहीत. मुली आधी लाजल्या, मग हसल्या, मग पुढे सरकून बसल्या. शेवटी सविताने हात वर केला.

"त्याला खुणा येत नाहीत," ती म्हणाली. "मला नको असलं, तर... त्याला कसं कळणार?"

शेखरने तो प्रश्न डॉक्टरांना बोलून सांगितला. त्याचा कंठ हलताना मोहिनीला दिसला.

"ते त्याने शिकायचं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि 'हो' कळलं नाही, तर ते 'नाही'च समजायचं."

शेखरने ते सविताच्या डोळ्यांत बघत, सावकाश सांगितलं. मग स्वतःच्या मनाने पुढे म्हणाला, "मी दिंडोरीला येतो. लग्नाआधी त्याला शिकवतो. 'नाही'पासूनच सुरुवात करू."

सविता हसली. कितीतरी दिवसांनी. आणि मोहिनीला कळून चुकलं, की आपलं या माणसावर प्रेम बसलंय.

बाहेर अंगणात शेखर तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. नजर जराही न हलवता.

आणि मोहिनीने – रोज त्याला दटावणाऱ्या मोहिनीने – तडक वर पाहिलं. वर छतसुद्धा नव्हतं, नुसतं आभाळ. तो पुढे आला नाही, त्याने टकटकही केलं नाही. ती बराच वेळ आभाळ बघत राहिली, मग हळूच नजर खाली आणली. तो तिथेच होता.

त्याने एक बोट वर केलं. "हे माझं नाव आहे ना?"

"कुणी सांगितलं?"

"सविताने. पण आता ते तुलाच शोभतं." मग त्याचे हात जरा अडखळले. "आणि... 'हो' कळलं नाही, तर मी 'नाही'च समजायचं ना?"

मोहिनीने पुढे होऊन त्याचा नाकावर घसरलेला चष्मा नीट बसवला. मग एक पाऊल मागे सरकली, त्याला स्वच्छ दिसेल एवढ्या अंतरावर, आणि 'हो' म्हणाली.