साहेबाच्या तसबिरीचा हार

नवरात्रातली संध्याकाळ, वीज गेलेली. चाळीसगावला आमच्या ओट्यावर माझे चुलतसासरे सुकलालनाना बसले होते. जन्मभर रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकलेला माणूस. पुतणे-भाचे भोवती गोळा झाले. माझा तीन वर्षांचा लेक माझ्या मांडीवर. तो झोपलाय, अशी मी स्वतःची समजूत घातली. शहाणी आई उठून गेली असती.

"ही आमच्या गँगमधल्या वना नावाच्या गड्याची गोष्ट," नाना म्हणाले. "दोन हजार एकोणीसची खंडेनवमी. आमच्या हत्यारांच्या खोलीत एका इंग्रज इंजिनेराची तसबीर आहे. छापील, बारीक बारीक रेघांची. गालावर कल्ले, हातात नकाशा, मागे आमच्या लाइनीवरचा पूल. खाली इंग्रजीत त्याचं नाव, अन् 'यांनी हा पूल बांधला'. खंडेनवमीला हातोडे धुऊन हळदकुंकू लावायचं, पण पहिला हार साहेबाला. पद्धतच तशी. त्या वर्षी वनानं तो हातोड्याला घातला.

"मुकादम योगराज ओरडला, 'येडा का रे? साहेब कोपला तर?'

"वना म्हणे, 'मना पणजोबा त्या पूलना पायामा गाडाई गया. तेनं नाव कोठे शे?'

"'मग रात्रभर इथं बसून दाखव. सकाळी हार हातोड्यावर दिसला, तर कायमचा तिथंच.'

"'बसस. काय करस तो, देखू.'

"अन् हा वना कसा? रात्री मोरीवर जायला सुंदरबाईला उठवणारा!"

पोरं हसली. सुंदरबाई त्याची बायको.

"वनानं आतून कडी लावली. कंदील ठेवला. एक वाजून चाळीस मिनिटं झाली... गाडी नाही. वारा नाही. अन् आवाज... टक्. टक्. दगडावर छिन्नीचा. तसबिरीतून.

"हार सरकला. हातोड्यावरून. तसबिरीकडे."

मी लेकाचे कान झाकले. खरं तर माझेच झाकायचे होते.

"मग, नाना?"

"वनानं दोन्ही हातांनी हार धरला. ओढ होती. गार. दात वाजत होते त्याचे. तरी म्हणाला, 'नहीं. पयले पायामा गाडाई गयात त्यासना नावं सांग. बठ्ठासना, एकूण एकना. मंग हार.'"

"साहेब बोलला?"

"नाही..."

"मग?"

"टक् थांबलं. मग पावलं. अनवाणी. कितीतरी... अन् ओढ सुटली.

"सकाळी योगराजनं दार ठोठावलं. कडी वनानंच काढली. हार हातोड्यावर. तेव्हापासून पहिला हार हातोड्यालाच, अन् योगराजच घालतो."

"आणि तसबीर?"

"आहे की. पण साहेबाचं नाव आता वाचता येत नाही. त्यावर अंगठे उठलेत. शाईचे, एकावर एक, पार त्याच्या कोटापर्यंत. काच तीच. खिळे गंजलेले, कुणी हात लावलेला नाही."

नानांनी आपला अंगठा आमच्यापुढे धरला.

"अंगठे काचेच्या आत आहेत."