डास, धूर आणि धर्मपाल

"संध्याकाळ झाली की हातापायाले करंजाचं तेल लावजो, पोरी. मच्छरदाणी गादीखाली खोचजो. अन् तोंड जप, माय! रविवारी उमरखेडचे पाहुणे तुले पाहाले येऊन राह्यले. फोड घेऊन आलीस त म्हणतीन, पोरीले देवी निघाल्या का काय!"

आईचं, तुळसाबाईचं, हे बोलणं कानात घेऊनच मी घाटंजीहून निघाले. आमच्या अध्यापिका विद्यालयाचं श्रमदान शिबिर झरीकडच्या सागाच्या जंगलात, नाल्याकाठी पडलं होतं. दिवसा रस्त्यावर मुरूम टाकायचा, रात्री तंबूत झोपायचं. साल अठ्ठावन्न. घरी दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती, आणि पहाटे पंचशील म्हटल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नसे. पहिलंच शील — जीव घ्यायचा नाही. त्यात डासाला सूट दिलेली मला तरी आढळली नव्हती.

मैत्रिणी टाळ्या वाजवून डास मारायच्या. मी पदरानं वारा घालून त्यांना बाहेरची वाट दाखवायची.

"प्रभावती, जाताना गूळपाणीही देत जा त्यांले!" कोकिळा म्हणायची.

दुसऱ्याच दिवशी कामावरून परतले, तर आमच्या तंबूच्या दारात पाठीला पंप बांधलेला एक उंच तरुण.

"बाजूले व्हा, बाई. मलेरियाकडून आलो. डीडीटी माराची हाय."

"आत जीव आहेत," मी हळूच म्हणाले.

"त्यायच्यासाठीच त आलो!"

मी दारातून हलले नाही. "मला शील आहे."

त्यानं फवाऱ्याची नळी खाली केली. माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. "शील त मलेही हाय. धर्मपाल म्हणतात मले. सकाळी पाणातिपाता म्हणतो, जीव नाई घेणार म्हणून, अन् दुपारी..." त्यानं पंपाकडे असं पाहिलं, जणू तो घराण्याचं नाव घालवणारा भाऊच.

मला हसू फुटलं. लपवायला पदर हलवला, तशी करंजाच्या तेलाची दरवळ त्याच्यापर्यंत गेली. तो दोन पावलं मागं सरला आणि — तिथंच थांबला.

"डास कायले येतीन तुमच्यापाशी? मीच मोठ्या हिमतीनं उभा हाय."

शेवटी तोड निघाली. डास मारण्यापेक्षा ते जन्मालाच येऊ नयेत असं करायचं. तंबूभोवती चर खणायचा, साचलेलं पाणी काढून द्यायचं, बादल्या पालथ्या घालायच्या. शनिवारपर्यंत नाही जमलं, तर पंप.

"आणि डबक्यातली पिल्लं?" मी विचारलं.

"आता तुमी डबक्यात नोका पाहू, बाई!"

मग तो रोज संध्याकाळी 'तपासणीला' यायचा. दुसरे लोक जेवलीस का विचारतात, तसं तो "मच्छरदाणी खोचली का?" विचारायचा. मीही मुद्दाम एक कोपरा विसरायची.

शुक्रवारपर्यंत डास जवळजवळ नाहीसे झाले. कोकिळेच्या आरशात मी तोंड पाहिलं. एक फोड नाही, एक चट्टा नाही! मी आरसा पालथा ठेवला. या तोंडाला उमरखेडचे नाही म्हणणार तरी कसे? त्या रात्री मी तेल लावलं नाही. मच्छरदाणीबाहेर बसून राहिले... गालसुद्धा पुढे केला. एक डास फिरकेल तर शपथ! आम्हीच केलेलं काम.

शनिवारी संध्याकाळी त्याच विचारात मी रोजच्या सवयीनं डास हाकलायला निरगुडीच्या पाल्याचा धूर केला, तो नेमका मोहोळ लागलेल्या सादड्याच्या झाडाखाली. वर पाहायचं भानच नव्हतं. धूर चढला आणि माश्या उतरल्या.

धर्मपालनं धावत येऊन खांद्यावरचं घोंगडं माझ्यावर टाकलं.

"मारू नका हो त्यांना!" मी घोंगड्यातून ओरडले.

"मी नाई मारून राह्यलो! त्याच मले मारून राह्यल्या!"

सगळं शांत झाल्यावर मी त्याच्या चेहऱ्याला चुना लावला. नाक, ओठ, भुवई... सगळं आपापल्या वाटेनं सुजलेलं. एक डोळा मिटला होता.

"चावली ते माशी आपोआप मेली," तो म्हणाला. "माझ्या नावावर धरू नोका."

मी हसले, आणि मग एकदम डोळे भरून आले. "उद्या सकाळी ट्रकनं आम्ही जाणार. दुपारी उमरखेडचे पाहुणे येतील. बाबा शब्द देऊन मोकळे होतील."

"तुमाले जाचं हाय का उमरखेडले?"

"नाही."

एवढं स्पष्ट मी जन्मात बोलले नव्हते.

"एक डोळा मिटून हाय म्हणून धीर होऊन राह्यला," तो खाली पाहत म्हणाला. "रोज हेच इच्यारीन म्हणतो... अन् मच्छरदाणीच इच्यारतो. तुमच्या बाबांले भेटू?"

"काय सांगाल त्यांना?"

"पोरगी पाह्यजे म्हणून. करंजाच्या तेलासकट."

चुन्यानं भरलेलं माझं बोट हवेतच राहिलं. "भेटा," मी म्हणाले.

"उद्याच जातो. पाहुण्यायच्या अगुदर."

"या तोंडानं? सूज तर उतरू द्या! बाबा दार लावून घेतील."

"आता बोलून बसलो ना, बाई. चौथं शील हाय — खोटं बोलाचं नाई."

पहाटे मी तंबूत बसून पंचशील म्हणत होते. चौथ्यापाशी पोचले तेवढ्यात बाहेर पानं चुरचुरली. मी कनात किंचित सारली. धुतलेला सदरा, भोपळ्यासारखं तोंड, एकच उघडा डोळा. त्या डोळ्यानं त्यानं मला पाहिलं, मान हलवली; आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून सायकल हातानं ढकलत, घाटंजीची पहिली गाडी गाठायला, पांढरकवड्याच्या वाटेला लागला.