बंद खोलीतला निवडुंग

फोन घड्याळजींच्या मेहुणीचा होता. ती वरच्या मजल्यावर राहायची. "भाऊजींनी कालपासून हृदयाच्या गोळ्या बंद केल्यात," ती म्हणाली. "म्हणतात, गेलेली ताई परत आली. तुम्ही जुने मित्र. तुमचं तरी ऐकतील."

फौजदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी चहा तसाच ठेवून ते निघाले.

घड्याळजी बायकोच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. ती गेली तेव्हा पडदे ओढून त्यांनी खोलीला कुलूप लावलं होतं. वर्ष झालं की उघडीन, असं सगळ्यांना सांगत आले होते. काल वर्ष झालं आणि त्यांनी दार उघडलं.

आत पलंगावर, आरशावर, तिच्या शालीवर धूळ होती. जमिनीवरची धूळ घड्याळजींनीच ये-जा करून तुडवली होती. खिडकीपाशी मात्र तिचा निवडुंग उभा होता. छातीइतका उंच, खांबासारखा सरळ आणि नुकताच पुसल्यासारखा हिरवागार.

"वर्षभर पाणी नाही, ऊन नाही," घड्याळजी म्हणाले. "तिच्याशिवाय कोण करणार?"

फौजदारांचीही बायको गेलेली होती. क्षणभर त्यांना वाटलं, हे खरं असलं तर किती बरं.

"पण गोळ्या का थांबवल्यास?"

"ती वाट बघतेय. उगाच ताटकळत कशाला ठेवू?"

हे त्यांनी दुकान बंद करण्याची वेळ सांगावी तसं सांगितलं. फौजदारांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"खोलीची किल्ली कुठे असते?"

"माझ्या खिशात. झोपताना उशीखाली."

"दुसरी?"

"तिच्या पर्समध्ये, घराच्या किल्लीसोबत. पर्स तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेली."

"परत आली नाही?"

"तीच आली नाही, तर पर्स कुठून येणार?"

तेव्हा हॉस्पिटलात कोण होतं, हे फौजदारांनी विचारलं. घड्याळजींनी तोंड फिरवलं. मुलगी होती. तिनं सगळं संपल्यावर कळवलं. म्हणे आईच नको म्हणाली, बाबांना दुकानातून धावत यायला लावू नकोस. त्या दिवसापासून घड्याळजी तिचा फोन उचलत नव्हते.

फौजदार मेहुणीकडे गेले. घराची एक किल्ली तिच्याकडेही असायची. जेवणाचा डबा तीच आणून ठेवायची. निवडुंगाला पाणी घालत होतीस का, असं विचारल्यावर तिनं त्यांना सरळ आपल्या बाल्कनीत नेलं. तिथल्या कुंड्यांत चिखल होता आणि चिखलात काळे पडलेले बुंधे.

"रोज पाणी घालते हो. तरी जगत नाहीत."

"तरी नाही," फौजदार म्हणाले. "म्हणूनच."

खाली येऊन त्यांनी निवडुंग नीट बघितला. एका बाजूला तळहाताएवढा खरबरीत, पांढुरका डाग होता. काट्यांत निळ्या लोकरीचे धागे अडकले होते. कुंडीचा जुना गोल डाग जमिनीवर दिसत होता. कुंडी त्याच्या थोडी बाजूला होती आणि डागावर धूळ होती.

त्यांनी मुलीला फोन लावला. तुझ्या घरातलं निळं लोकरी पांघरूण घेऊन ये, एवढंच म्हणाले.

कुठलं, कशाला, असं तिनं विचारलं नाही. दुपारी ती आली, तेव्हा पांघरूण घडी करून छातीशी धरलेलं होतं. घड्याळजी उठायला लागले.

"बस," फौजदार म्हणाले. "या खोलीत झाड सांभाळायला कुणीही येत नव्हतं. झाड इथे नव्हतंच."

घड्याळजी बसले.

"माझ्या घरीही असाच निवडुंग आहे. बायको गेल्यावर मीही तिची खोली बंद ठेवली. मधूनच आठवण झाली की अंधारातच पाणी ओतून यायचो. तो मेला नाही. पण शेंडा मेणबत्तीसारखा बारीक आणि पिवळट वाढला. तेवढा भाग पुन्हा कधी भरला नाही. नुसतं कोरडं ठेवलं असतं, तर आक्रसून कंगोऱ्यांमधल्या खाचा खोल गेल्या असत्या. हा बघ. वरपासून खालपर्यंत सारखा जाड. म्हणजे वर्षभर उजेडात होता. सावलीतलं झाड एकदम उघड्यावर ठेवलं की ऊन असं भाजतं, तो हा डाग. आणि उजेडाकडे झुकलेला नाही, म्हणजे कुणीतरी न चुकता कुंडी फिरवत होतं. परत आणली तेव्हा जुन्या जागेवर धूळ बसलेली होती. आणताना ज्यात गुंडाळला, ते निळं पांघरूण तुझ्या समोर आहे. मेहुणीनं नेला असता, तर केव्हाच कुजला असता."

"पण किल्ली..."

"पर्स माणसाबरोबर वर जात नाही, गड्या. हॉस्पिटलवाले ती जवळच्या माणसाच्या हातात देतात."

घड्याळजींनी वर्षानंतर प्रथमच मुलीकडे बघितलं.

"तुम्ही दुकानात असताना तुमचे जावई आणि मी, दोघांनी नेला," ती म्हणाली. "आई म्हणाली होती, झाड तू बघ, बाबा एकतर विसरतील नाहीतर पाण्यात बुडवतील. तुम्हाला सांगणार कसं? फोन घेत नव्हता. खोली उघडल्यावर तो दिसला नाही, तर तुमचं काय होईल याची भीती वाटली. म्हणून परवा आणून ठेवला. भुताटकी करायची नव्हती, बाबा."

घड्याळजी खुर्चीवरून उठले.

"शेवटी आई अजून काय म्हणाली?"

"झाडाचंच बोलत होती. आणि तुमच्या गोळ्यांचं."

घड्याळजींनी खिशातून घड्याळं दुरुस्त करायचा बारीक चिमटा काढला. झाडाजवळ जाऊन ते काट्यांमधला एकेक निळा धागा ओढून काढू लागले. एकही काटा तुटला नाही.

"पाणी आण," ते म्हणाले.

मुलीनं कुंडीतली माती चाचपली. "अजून आठ दिवस नको, बाबा. कुजेल."

"झाडाला नाही गं," घड्याळजी म्हणाले. "गोळी घ्यायचीय."